बंद पडलेली कंपनी आणि रोजचे दोनशे रुपये

महोदय,

हिंगणा एमआयडीसीतला गाळा सोडला, जीएसटी नंबर रद्द केला, दोघांपैकी एका संचालकाने पुण्यात नोकरी धरली, म्हणजे कंपनी बंद झाली असा समज नागपुरात सर्रास आढळतो. कायद्याच्या लेखी ती प्रायव्हेट लिमिटेड कंपनी चालूच असते. वर्षभरात एका रुपयाची उलाढाल झाली नाही तरी लेखापरीक्षण केलेला ताळेबंद एओसी-४ मध्ये आणि वार्षिक विवरण एमजीटी-७ए मध्ये भरावेच लागते. वार्षिक सभेची शेवटची तारीख ३० सप्टेंबर. सभेपासून ३० दिवसांत पहिला फॉर्म आणि ६० दिवसांत दुसरा. सभा झालीच नाही तर मुदत ३० सप्टेंबरपासूनच मोजतात.

जुलै २०१८ पासून उशिराला प्रत्येक फॉर्मवर दिवसाला १०० रुपये जादा शुल्क आहे, आणि त्याला कमाल मर्यादा नाही. दोन फॉर्मचे दिवसाला २००, वर्षाचे ७३,०००. लागोपाठ तीन वर्षांची विवरणे राहिली आणि ती अनुक्रमे तीन, दोन आणि एक वर्ष उशिरा भरली, तर आकडा ४,३८,००० वर जातो. एक लाखाचे भागभांडवल असलेल्या कंपनीसाठी हा हिशेब आहे! वेळेत भरले असते तर पाच लाखांच्या आतल्या भांडवलाला एका फॉर्मची फी जास्तीत जास्त ३०० रुपये.

आकडा ऐकून लोक घाबरतात आणि विषय सोडून देतात. ‘आरओसी (कंपनी निबंधक) कधीतरी आपणच नोंदवहीतून नाव काढून टाकेल’, असे म्हणतात. तसे होतेही. २०१७ मध्ये देशभरात दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे काढली गेली आणि तीन लाखांवर संचालक अपात्र ठरले. सलग तीन वर्षे ताळेबंद किंवा विवरण न भरलेल्या कंपनीचा संचालक कंपनी कायद्याच्या कलम १६४(२) खाली पाच वर्षे दुसऱ्या कोणत्याही कंपनीवर नेमला जाऊ शकत नाही आणि त्याची इतर कंपन्यांतली पदेही जातात. बंद कंपनीचा संचालक असलेला मुलगा किंवा सून घरच्या चालू कंपनीतही संचालक असेल, तर त्यांना याचा फटका बसतो. कंपनीच्या खात्यात काही रक्कम उरली असेल तर ती अडकते, आणि नाव परत नोंदवून घ्यायला नागपूरकरांना मुंबईच्या एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) जावे लागते.

म्हणून आपणहून अर्ज करणे हाच शहाणपणाचा मार्ग. येथे एक नियम फार थोड्यांना ठाऊक आहे. स्वेच्छेने नाव काढण्याचा एसटीके-२ अर्ज करताना, ज्या आर्थिक वर्षात व्यवसाय थांबला त्या वर्षाअखेरपर्यंतचीच थकीत विवरणे भरलेली असावी लागतात. मार्च २०२१ मध्ये धंदा थांबला असेल तर त्या वर्षापर्यंतची, आजपर्यंतची नव्हे. मात्र आपणहून नाव काढण्यासाठी आरओसीची एसटीके-१ नोटीस एकदा निघाली की ही सवलत संपते आणि सगळी थकबाकी भरूनच अर्ज करता येतो. पुढे नाव काढल्याची एसटीके-७ सूचना निघाली की अर्जाचा रस्ताच बंद. नोटीस कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर आणि ई-मेलवर येते, आणि सोडलेल्या गाळ्याचा पत्ता किंवा विसरलेला ई-मेल तसाच राहिल्यामुळे ती कुणाच्या हातीच पडत नाही. हे बदलायचे काम आधी उरका.

व्यवसाय केव्हा थांबला, हे बँकेच्या उताऱ्यावरून दिसते. त्या तारखेनंतर ग्राहकाचे पैसे जमा झालेले असतील तर अर्जातली तारीख टिकत नाही. अर्जाआधीच्या लगतच्या दोन आर्थिक वर्षांत व्यवसाय नसणे ही नेहमीची अट आहे. म्हणून नुकताच धंदा बंद केलेल्यांनी वाट पाहण्याच्या त्या दोन वर्षांची विवरणे वेळेवर भरावीत. वर्षाला काही शे रुपयांच्या फीत अपात्रतेची टांगती तलवार दूर होते. अर्जाआधीच्या तीन महिन्यांत कंपनीचे नाव बदललेले नसावे आणि विक्रीसाठीचा शिल्लक मालही विकलेला नसावा.

जुन्या तारखेने कागद करून देण्याचा आग्रह आमच्याकडे वारंवार होतो. तो होऊ शकत नाही आणि होऊही नये. जुलै २०१९ पासून प्रत्येक लेखापरीक्षण अहवालावर १८ अक्षरांचा यूडीआयएन (सीएच्या सहीच्या कागदाचा ओळख क्रमांक) असतो आणि त्याचे पहिले दोन अंक तो क्रमांक काढलेल्या वर्षाचे असतात. सभा २०२० ची दाखवली आणि अहवालावर २४ ने सुरू होणारा क्रमांक असला, तर लबाडी फॉर्मवरच उघडी पडते. उशीर झाला तो उशीर म्हणूनच दाखवावा. दंड ठरवणाऱ्या निर्णय अधिकाऱ्याची नोटीस निघण्यापूर्वी, किंवा निघाल्यापासून ३० दिवसांत थकीत फॉर्म भरले, तर या दोन फॉर्मवरचा दंड लागत नाही. जादा शुल्क मात्र चुकत नाही.

एसटीके-२ अर्जाची फी १०,००० रुपये. त्याआधी संचालकांचे डीआयएन (संचालक ओळख क्रमांक) केवायसीअभावी निष्क्रिय झालेले नाहीत ना आणि डिजिटल सही चालू आहे ना, ते पाहा. पहिली खोळंब्याची जागा तीच. मग देणी फेडा. संचालकाने कंपनीला दिलेले कर्ज ताळेबंदात तसेच राहिले की अर्ज परत येतो. ते फेडावे किंवा त्याने लेखी सोडून द्यावे. बँक खाते बंद करून तसे पत्र घ्यावे. अर्जाआधीच्या कामांत खाते सर्वांत शेवटी बंद करा, कारण थकीत फॉर्मची फी आणि देणी त्यातूनच जायची असतात. भरणा झालेल्या भांडवलाच्या ७५ टक्के सभासदांची संमती किंवा विशेष ठराव लागतो. एसटीके-३ हमीपत्र आणि एसटीके-४ प्रतिज्ञापत्र प्रत्येक संचालकाचे, नोटरीसह. संचालक परदेशात असेल तर तिथले साक्षांकन मिळायला वेळ जातो. एसटीके-८ हिशेबपत्रक सीएने प्रमाणित केलेले आणि अर्जाच्या दिवशी ३० दिवसांपेक्षा जुने नसावे, म्हणून ते आधी करून ठेवू नये. नाव काढण्याचे असे सर्व अर्ज आता हरियाणातल्या मानेसरच्या सी-पेस या केंद्राकडे जातात. त्यानंतर जाहीर सूचना निघते, आक्षेपांना ३० दिवस मिळतात. प्राप्तिकराची जुनी बाकी असेल तर ती याच वेळी वर येते.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट राहून जाते. अलीकडच्या कंपन्यांना नोंदणीबरोबरच व्यवसाय कराचा पीटीईसी क्रमांक मिळतो आणि तो रद्द करेपर्यंत वर्षाला २,५०० रुपयांची मागणी चढत राहते. तो वेगळा अर्ज करून रद्द करावा. जीएसटी रद्द झाल्यावर जीएसटीआर-१० हे अंतिम विवरणही तीन महिन्यांत द्यायचे असते.

सरकारकडे आमची मागणी एकच. कोट्यवधींची उलाढाल असलेल्या कंपनीला आणि शून्य उलाढालीच्या कंपनीला दिवसाचे तेच १०० रुपये, हे अन्यायाचे आहे. केंद्राच्या २०२० च्या ‘फ्रेश स्टार्ट’ योजनेत जादा शुल्क माफ झाले होते. व्यवसाय थांबल्याचे बँक उताऱ्यावरून सिद्ध करून बाहेर पडणाऱ्या छोट्या कंपनीसाठी या शुल्काला कायमची कमाल मर्यादा घालावी, आणि ती भागभांडवलाच्या प्रमाणात असावी.

आपले,
नागपुरातील काही सीए व कंपनी सचिव