एस्कलँटेच्या घळीतून

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या शनिवारी माझ्या एका मैत्रिणीसोबत अमेरिकेच्या युटा राज्यातील एस्कलँटे नदीला मिळणाऱ्या एका घळीत दिवसभर चालले आणि पावलोपावली तुमची आठवण आली, म्हणून फोनवर न सांगता सविस्तर लिहीत आहे. घळीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. तेथे पायवाट नाही, खुणेचे दगड नाहीत, आणि ते तसेच राहावे असे मला मनापासून वाटते.

तुम्ही मला सांदण दरीत नेले होते, तशीच अरुंद जागा डोळ्यांसमोर आणा. मात्र काळ्या कातळाऐवजी दोन्ही बाजूंना लालसर वालुकाश्म. सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वी येथे वाळूच्या प्रचंड टेकड्या होत्या, त्यांचाच पुढे दगड झाला. वाऱ्याने रचलेले तिरपे थर भिंतीवर आजही स्पष्ट दिसतात. आपला सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे या दगडापुढे तो लहानच.

घळीत उतरण्यापूर्वीचे पठार ओलांडणे हेच सर्वांत जिकिरीचे काम होते. तेथील जमिनीवर काळपट, उंचसखल पापुद्रा असतो आणि तो चक्क जिवंत असतो. डोळ्यांना न दिसणारे सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू आपल्या चिकट तंतूंनी वाळूचे कण बांधून ठेवतात, त्यांच्या जोडीला शेवाळ आणि दगडफुले वाढतात. आईच्या मसाल्याच्या डब्यातील दगडफुलाचीच ही भावंडे. एक पाऊल पडले तरी तो चुरतो, आणि पूर्ववत व्हायला कित्येक दशके जातात. म्हणून आम्ही उघड्या खडकावरून, नाहीतर कोरड्या ओढ्याच्या वाळूतूनच चाललो. कधी वीस पावलांच्या अंतरासाठी पाव तासाचा वळसा पडला, पण तो घेतला.

खडकावर निघोजच्या रांजणखळग्यांची आठवण करून देणारे खळगे आहेत. एकात वीतभर पाणी साचले होते. पालथी पडून पाहिले, तर पाठीवर ढाल असलेले, कोळंबीच्या दूरच्या नात्यातील बोटाच्या पेराएवढे जीव तळाशी फिरत होते. पाणी आटले की हे जीव मरतात, पण त्यांची अंडी वर्षानुवर्षे कोरड्या मातीत तग धरतात. हाताला उन्हाचे मलम लावलेले असल्याने पाण्यात बोटसुद्धा बुडवले नाही.

आईला काळजी वाटेल, म्हणून हेही लिहिते. येथे डोक्यावर निरभ्र आकाश असतानाही दूरच्या पावसाचा लोंढा घळीत येऊ शकतो. माझ्या डोक्यापेक्षा कितीतरी वर, दोन भिंतींच्या मध्ये ओंडके अडकलेले मी स्वतः पाहिले. हवामानाचा अंदाज पाहूनच आम्ही निघालो होतो आणि प्रत्येकीजवळ चार लिटर पाणी होते. दुपारी एका अडकलेल्या धोंड्यापाशी वाट खाली एका डोहात उतरत होती. उडी मारता आली असती, परंतु गुळगुळीत दगडावरून परत वर चढता येईल अशी खात्री वाटेना. ‘चढता येईल तेवढेच उतरायचे,’ हे तुमचे वाक्य मैत्रिणीला मराठीतूनच ऐकवले, मग अर्थ सांगितला, आणि आम्ही तेथूनच मागे फिरलो.

परतताना ओढ्याच्या वाळूत सकाळच्या आमच्या पावलांवर कोणा लहान प्राण्याची पावले उमटलेली होती. त्यांचा फोटो सोबत पाठवत आहे. तुम्हाला ओळखता आली तर जरूर कळवा.

आईस साष्टांग नमस्कार.

तुमची,
धाकटी