देवामागं ठेवलेलं समन्स : विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

मा. विधी व न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात वकिली करते. गेल्या पावसाळ्यात एक बाई माझ्याकडे आल्या. नवरा वारलेला, चार एकर वावर. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद, कोर्टात हजर राहा सांगणारं समन्स, त्यांनी टेबलावर ठेवला. कोर्टाच्या बेलिफाने तो आणून दिल्याला आठ महिने झाले होते. "कोर्टाचा कागद, म्हणून देवामागं ठेवला," म्हणाल्या. तोवर पेशी होऊन गेली होती, त्यांचं न ऐकताच एकतर्फी हुकूमनामा झाला होता आणि तो रद्द करून घ्यायचे 30 दिवसही उलटले होते. आता विलंब माफीचा अर्ज, त्याचं कारण, कारणाचा पुरावा.

बाईंना कायदा कळत नव्हता, असं म्हणून आपण मोकळे होतो. मी तो कागद पुन्हा पुन्हा पाहिला. वर कोर्टाचं नाव, दाव्याचा नंबर, मग "ज्याअर्थी"ने सुरू होणारं लांबलचक वाक्य. तारीख त्या वाक्याच्या पोटात, पेनाने भरलेली. नाही आलात तर काय होईल, ते तळाशी. मदत कुठे मिळेल, ते कुठेच नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे कोणत्याही बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. त्या मदतीसाठी 15100 हा फोन नंबरही आहे. ज्या कागदावर तो हवा, नेमका त्याच कागदावर नाही. आम्ही तो कायद्याची माहिती देणाऱ्या शिबिराच्या मांडवात जून महिन्यात सांगतो, आणि समन्स येतं फेब्रुवारीत.

भीती वाटली की माणूस कागद नजरेआड करतो. शिकलेले लोकही आयकराची नोटीस आठवडाभर फोडत नाहीत. न्यूयॉर्क शहरात किरकोळ गुन्ह्यांच्या समन्सचा नमुना बदलला : तारीख आणि ठिकाण सगळ्यात वर, गैरहजेरीचा परिणाम ठळक. गैरहजेरी सुमारे 13 टक्क्यांनी घटली. फोनवर आठवणीचे मेसेज पाठवले, तेव्हा सुमारे 21 टक्क्यांनी. हा अभ्यास 2020 साली 'सायन्स' नियतकालिकात आला. कायद्याचं एक अक्षरही बदललं नव्हतं. त्यांची मापं आपल्याला जशीच्या तशी बसणार नाहीत. इथे घरातला फोन मुलाच्या खिशात असतो, म्हणून मेसेजपेक्षा मराठीत बोलणारा फोन बरा, तोही दिवेलागणीला, बाई वावरातून परतल्यावर.

कारखान्यांच्या कायदापालनाचीही हीच गत. 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती लागते. कापसाच्या एका जिनिंगमधल्या समितीवर मी बाहेरची सदस्य आहे. तिथे समितीचा फलक होता, अगदी काचेच्या चौकटीत, मुनीमजींच्या केबिनमध्ये. कापूस उचलणाऱ्या बाया मागच्या फाटकाने येतात. केबिनमध्ये जातात त्या फक्त मजुरी घ्यायला. मुनीमजींच्या डोळ्यांसमोर तो फलक वाचायचा म्हणजे तक्रार करण्यासारखंच. तक्रारींच्या रजिस्टरात दरवर्षी एकच शब्द : निरंक. मालक वाईट नाहीत. त्यांना आजवर कुणी विचारलं ते एवढंच, की फलक लावला का? तो कुणाला वाचता येतो, हे विचारलंच नाही.

आम्ही दुसरा फलक बायांच्या संडासाच्या दाराला आतून लावला. मोठ्या अक्षरांत दोन ओळी आणि माझा नंबर. पंधरा दिवसांत पहिला फोन आला. पुढचं सांगता येत नाही, ते कायद्यानेच गुप्त आहे.

समन्सचा नमुना उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत आहे, हे मला ठाऊक आहे. शासनाने त्यांना विनंती करावी, की समन्सच्या पहिल्या पानावर मोठ्या मराठी अक्षरांत पेशीची तारीख, न आल्यास होणारा परिणाम आणि 15100 एवढं तरी असावं. मोफत वकिलाचा कोरा अर्जही सोबत जोडावा, म्हणजे तो मागायला वेगळी चक्कर नको. आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांच्या तक्त्यात एक प्रश्न वाढवावा : फलक बाया एकट्या असताना वाचू शकतील अशा जागी आहे का?

नवा नमुना तयार झाला, की छापण्याआधी माझ्याकडे पाठवा. पाच गावांतल्या बायांसमोर मी तो ठेवते. पेशी कधी आहे, हे त्यांना बोट ठेवून दाखवता आलं, तरच तो छापावा.

आपली नम्र,
यवतमाळ जिल्ह्यातली एक वकील