हापूसच्या बागांतली मुलं सांभाळणाऱ्या अंगणवाडी ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठे छापायचं नाही, वाडीचंही नाही, ही तुमची अट या पत्रातही पाळते आहे. देवगड तालुक्यातल्या एका वाडीतल्या अंगणवाडी सेविका, एवढी ओळख पुरे. तरी पत्र उघडपणे लिहिते आहे. आमच्या क्षेत्रप्रकल्पाच्या मुखपृष्ठावर आम्हा विद्यार्थ्यांची नावं आहेत, मार्गदर्शक बाईंचं आहे, विद्यापीठाचं आहे. हे काम खरं कुणाच्या आधारावर झालं, ते वाचणाऱ्यांना कळायला हवं असं आम्हा सगळ्यांनाच वाटतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आमचा विषय थोडक्यात सांगते. हापूसच्या बागांत राखणीला, फवारणीला, आंबे उतरवायला दरवर्षी नेपाळहून माणसं येतात. दशैं-तिहार, म्हणजे आपला दसरा-दिवाळी, आटोपून यायचं आणि पाऊस लागायच्या आत परतायचं, असा बहुतेकांचा शिरस्ता. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे ये-जा करायला पासपोर्ट-व्हिसा लागत नाही. कुणी एकटे येतात, कुणी बायकामुलांसकट. बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपटात, संसार मांडतात, आणि त्यांची लहानगी तुमच्या अंगणवाडीत येऊन बसतात. या घरांतल्या बोलण्यात मालवणी कशी शिरते आणि त्यांच्या सहवासाने वाडीत काय बदलतं, हे आम्हाला समजून घ्यायचं होतं.

वाचून गेलो होतो. अ. मा. घाटगे यांचं १९६५ सालचं कुडाळी, म्हणजे मालवणी, बोलीचं सर्वेक्षण चाळलं होतं. नेपाळी आणि कोंकणी या दोन्ही भाषा १९९२ साली एकाच घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत आल्या, हेही टिपून ठेवलं होतं. पण सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या बागेत, राखणीच्या माळ्यावर बसून वानरांवर गलोल रोखलेल्या माणसाशी बोलणं कुठून सुरू करायचं, हे कुठल्या पुस्तकात असणार? त्यात मी सोलापूरकडची. मालवणीच मला निम्मी कळत होती. तुम्ही एकाच वेळी दोन्ही बाजूंचं समजावून सांगत होतात, आणि मधूनच म्हणायचात, "पोरांनू, आधी चाय घेवा, मगे इचारा काय ता."

तुम्ही आमची प्रश्नावली हातात घेतलीत आणि चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलीत. मग पेन्सिलीने काही प्रश्नांवर काट मारलीत. उचल किती घेतली, मालक कसा बोलतो, हिशेब कुणाजवळ असतो, असे ते प्रश्न होते. भाषेच्या निमित्ताने विचारलेलं उत्तर उद्या कुणाच्या तरी कानावर जाईल, आणि आम्ही निघून गेल्यावर त्या माणसाला त्याच बागेत राहायचं आहे, हे तुम्ही आम्हाला शांतपणे सांगितलंत. बागांची नावं काढायला लावलीत. नवऱ्याने हो म्हटलं तरी बाईला वेगळं विचारल्याशिवाय रेकॉर्डर चालू करायचा नाही, हेही तुमचंच. संशोधनाच्या नीतीवर आम्हाला एक अख्खी तासिका होती, चांगली होती. पण त्या नियमांमागे माणसं कशी उभी असतात, हे तुमच्या त्या पेन्सिलीने दाखवलं.

आणि तुमची ती वही! तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाताच येणार नाही. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे दुमडलेली, मागच्या पानांवर शाईचे डाग. एका बाजूला नेपाळी शब्द, समोर आपले. ज्वरो म्हणजे ताप, पखाला म्हणजे जुलाब, बान्ता म्हणजे उलटी, सुत्केरी म्हणजे बाळंतीण, खोकी म्हणजे खोकला. आजारी लेकराची आई दारात उभी राहिली की तिचं चटकन कळावं, म्हणून तुम्ही गरजेपुरते जमवलेले शब्द. काही शब्दांसमोर तुम्ही दुसरा रकाना पाडला होता. एका घरात चालणारा शब्द दुसऱ्या घरातली बाई हसण्यावारी नेते, हे तुमच्या लक्षात आलं होतं. ही माणसं नेपाळच्या पश्चिमेकडच्या डोटी, अछाम, कैलाली अशा जिल्ह्यांतून येतात. कुणाची घरची बोली डोटेली, कुणाची थारू. नेपाळच्या जनगणनेत या वेगळ्या भाषा म्हणून मोजल्या जातात. आपण सगळ्यांना सरसकट 'नेपाळी' म्हणतो. तुमच्या वहीने तसं म्हटलं नव्हतं, आणि आमच्या अहवालातलं भाषांचं प्रकरण तिथूनच सुरू झालं.

त्याच वहीत तारखांचा तक्ता होता. नेपाळात सरकारी कागदोपत्रीही विक्रम संवत चालतो. आई जे कार्ड आणते त्यावर मुलाचा जन्म फागुन २०७७ असा लिहिलेला. मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकरला, म्हणजे मुलांच्या वजनाच्या नोंदींच्या सरकारी ॲपला, ते साल चालत नाही, आणि वय चुकलं तर वजनाचा सगळाच हिशेब चुकतो. महिनेही आपल्यासारखे चांद्र नाहीत, सौर आहेत. त्यांचा साउन जुलैच्या मध्यावर लागतो, आपल्या श्रावणाशी त्याचा मेळ बसत नाही. तुम्ही काय केलंत? बैशाखापासून पुसाच्या मध्यापर्यंतचा जन्म असेल तर ५७ वजा करायचे, त्यापुढे चैतापर्यंत ५६. फागुन २०७७ म्हणजे २०२१. तिथे कुणी ५७ वजा केले तर मूल कागदावर वर्षाने मोठं होतं आणि धडधाकट असूनही कमी वजनाचं ठरतं. हे तुम्हाला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. एका आईशेजारी बसून, तिचं कार्ड आणि आपलं कॅलेंडर समोरासमोर धरून, तुम्ही ते जुळवलं होतंत. दोन समाज एकमेकांशेजारी कसे राहतात याबद्दल मी बरंच वाचलं आहे, पण त्या तक्त्याइतकं नेमकं फार थोडं.

आता त्या मुलीबद्दल. तिचंही नाव लिहीत नाही. चार वर्षांची, कायम दाराशी बसणारी, अंगणवाडीत एक अक्षर न बोलणारी. इतर मुलं तिला मुकी म्हणत. आरोग्य तपासणीचं पथक यायचं होतं, आणि तिच्या नावापुढे 'बोलत नाही' असं लिहिलं जाण्याची तुम्हाला काळजी लागली होती. तुम्ही म्हणालात, "मुक्या खंयचा! घराकडे तेचा तोंड बंद नसता." आणि आम्हाला म्हणालात, तुमचं ते यंत्र घेऊन चला.

संध्याकाळी आपण मांगरावर गेलो. तिची आई चुलीशी होती, बाप आणि काका आंबे उतरवायचे झेले दुरुस्त करत बसले होते. तुम्ही आईला सगळं सांगितलंत, तिने मान डोलावली, आणि मी रेकॉर्डर उलट्या घातलेल्या खोक्यावर ठेवला. आधी काहीच नाही. मग थोरला भाऊ आला आणि तिने त्याला गोष्ट सांगायला सुरुवात केली. वानर आला, भाकरी उचलली, कौलावर बसला, तिकडून दात दाखवले, बाबांनी डबा वाजवला. घरच्या बोलीत चाललं होतं, आणि मधेच जोरात आलं, "आमा, वांदर इलो!" सकाळी ती तेच ओरडली होती म्हणे. हाक आईला, म्हणून आमा. वांदर मात्र वाडीतल्या पोरांच्या तोंडून शिकलेला. आणि तो 'इलो', मालवणीच. क्रियापदाचा शेवटही तिने बरोबर लावला होता.

पथक आलं तेव्हा तुम्ही ते रेकॉर्डिंग डॉक्टरांना ऐकवलंत. त्यांनी दोनदा ऐकलं, मुलीकडे पाहून हसले आणि तिच्या कागदावर बोलण्यात अडचण नसल्याची नोंद केली. ताई, त्या दिवसाआधी आमच्या त्या यंत्रातून जे निघायचं ते आमच्याच संगणकात जायचं. तुम्ही आमच्या कामाला एक माणूस दिलात, ज्याला त्याची गरज होती. याबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे.

पुढच्या आठवड्यापासून तुम्ही तिच्या आईलाच सकाळचा थोडा वेळ अंगणवाडीत बसायला बोलावलंत. तिने आपल्या बोलीतलं गाणं म्हटलं, मुलांनी हातवारे केले. २०२० च्या शैक्षणिक धोरणात लहान मुलांना घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर आहे. त्यासाठी तुमच्या वाडीत ना पुस्तक होतं ना तासिका. एक सतरंजी होती आणि तुमचं मन होतं.

बागेतल्या पुरुषांचं बोलणं ऐकायलाही तुम्हीच वाट करून दिलीत. कामाचे जवळजवळ सगळे शब्द इथले: मोहोर, तुडतुडा (मोहोरावरची कीड), साका (फळाच्या गरातला दोष), आढी (पिकायला घातलेले आंबे), पेटी. क्रियापद मात्र त्यांचं. मोहोर आयो, तुडतुडा लाग्यो. डझनांचा हिशेब आपल्या आकड्यांत, कारण तो मालकाशी करायचा. नाती सगळी त्यांची राहिलेली, आमा, दाइ, दिदी. आमच्या परीक्षकांनी याच प्रकरणावर सगळ्यांत जास्त प्रश्न विचारले, आणि उत्तरं देताना माझ्या डोळ्यांसमोर त्या बागेतली माणसं होती.

कुणकेश्वरच्या महाशिवरात्रीला तुम्ही आम्हाला त्यांच्याबरोबर पाठवलंत, तेही बरं केलंत. पशुपतिनाथाच्या देशातली माणसं समुद्रकाठच्या महादेवासमोर हात जोडून रांगेत उभी, पोरांच्या हातात मालवणी खाजं. त्या गर्दीत कुणी कुणाचं गाव विचारत नव्हतं.

एक गोष्ट मला स्पष्ट लिहायची आहे. तुम्हाला मिळतं ते मानधन. पगार म्हणावा असं ते नाही. त्यात वजनकाटा आहे, आहार आहे, लसीकरणाच्या दिवशीची धावपळ आहे, मोबाइलमधल्या नोंदी आहेत. भाषा आणि माणसं जोडण्याचं हे काम त्यात कुठेच लिहिलेलं नाही. नव्या अभ्यासक्रमामुळे आता विद्यार्थ्यांचे गट गावोगाव जाणार. जिथे जातील तिथे त्यांना तुमच्यासारख्या कुणाचं तरी दार ठोठवावं लागणार. त्या माणसाच्या वेळेचा मोबदला आणि कामातला वाटा विद्यापीठांनी आधीच ठरवायला हवा, असं आम्ही विभागाला लेखी कळवलं आहे.

निघताना तुम्ही म्हणाला होतात, बाड तुमच्या विद्यापीठात राहू दे, माझ्या भिंतीवर लावायला एक पान द्या. ते पान तयार आहे. दुखण्याखुपण्याचे शब्द तीन रकान्यांत, खाली महिन्यांचा तक्ता, अक्षरं मोठी, दमट हवेत टिकावं म्हणून लॅमिनेट केलेलं. शेजारच्या वाड्यांतल्या सेविकांसाठी जादा प्रतीही जोडल्या आहेत. रेकॉर्डिंगं त्या त्या घरांना पेनड्राइव्हवर पाठवतो आहोत. कुणाची कुठली ते पाकिटावर लिहिलं आहे. ज्यांनी नको म्हटलं त्यांची आम्ही पुसून टाकली.

थारूचा रकाना अजून अर्धा रिकामा आहे. यंदा दिवाळीनंतर कैलालीकडची घरं आली की त्या बायकांना विचारून भराल का? आणि विभागातली पुढची मुलं तिकडे यायचं म्हणताहेत. तुम्हाला आणि त्या घरांना चालणार असेल तरच पाठवू. मदतनीस काकींना आमचा नमस्कार सांगा.

तुमची,
विद्यापीठातली सोलापूरची मुलगी
(आणि आमचा सगळा गट)