नाताळचं पिल्लू, आणि दादा तुला एक विनंती

स्विंडन, इंग्लंड
डिसेंबरचा पहिला आठवडा

प्रिय दादा आणि वहिनी,

पत्रास कारण की दादा तू परवा फॅमिली ग्रुपवर बीगलच्या पिल्लाचा फोटो टाकलास आणि खाली लिहिलंस की २४ तारखेला रात्री छकुलीला सरप्राइज, टोपलीत ठेवून, गळ्यात लाल रिबन बांधून, तिला आत्ताच काही बोलू नका. सगळ्यांनी बदाम पाठवले, आईने पण पाठवला. मी काहीच लिहिलं नाही कारण हे दोन ओळीत लिहिण्यासारखं नव्हतं, शिवाय छकुली कधी तुझा फोन घेऊन बसेल सांगता येत नाही. म्हणून हे मेलवर, सविस्तर. सावंतवाडीला फोन करशील तेव्हा आई-बाबांना पण वाचून दाखव, बाबांचं मत मला यात हवंच आहे.

आधी सरळ सांगते, ते पिल्लू आणू नकोस. कुत्रा नको असं नाही म्हणत, छकुलीच्या वाट्याला कुत्र्याची माया यावी असं मला फार वाटतं, पण असा नको.

तुला माहितीये मी रविवारी इथल्या सोडलेल्या कुत्र्यांच्या एका शेल्टरमध्ये जाते, कुत्र्यांना फिरवायला, पिंजरे धुवायला, ऑफिसात कागद लावायला. नाताळची पिल्लं २६ डिसेंबरलाच परत येत असतील असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं होत नाही. जानेवारीत घरात कौतुक असतं, फोटो काढून होत असतात. ती येतात फेब्रुवारी-मार्चपासून आणि मग उन्हाळाभर. चार महिन्यांचं झालं की दुधाचे दात पडायला लागतात, हिरड्या शिवशिवतात, सोफा, चपला, चार्जर काय सापडेल ते चावतं. सहा-सात महिन्यांचं झालं की अंगात ताकद येते, पट्टा ओढतं, ऐकत नाही, वयात आलेल्या पोरासारखंच असतं ते, आणि हे वर्ष-दीड वर्षाचं होईपर्यंत चालतं. तोवर मुलांची शाळा सुरू, आईबापांचं ऑफिस सुरू, पिल्लू दिवसभर एकटं. मग फॉर्मवर कारण लिहितात, वेळ मिळत नाही. घर बदलतोय. मुलाला ॲलर्जी आहे.

मागच्या उन्हाळ्यात एक कुत्री आली होती, बेला. कागदावर जन्म ऑक्टोबरचा आणि घरी आणल्याची तारीख २३ डिसेंबर. घरातलं कुणी बाहेर निघालं की ती दारावर अंग टाकायची, पंजे रक्ताळेपर्यंत दार खरवडायची, कारण पहिले दोन आठवडे सुट्टीत अख्खं घर तिच्याभोवती होतं आणि मग एका सोमवारी एकदम कुणीच नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास असं एकटं राहायला शिकवावं लागतं, ते कुणी शिकवलंच नव्हतं. आणि दादा, वाईट माणसं नव्हती ती. सोडायला आलेली बाई काउंटरवर हमसून हमसून रडत होती, मुलगा गाडीतून उतरलाच नाही. हे मी मुद्दाम सांगतेय कारण आपल्याला वाटतं की कुत्रं सोडणारे म्हणजे कुणी दगडाच्या काळजाचे लोक असतात, आपण नाही. तसं नसतं. घाईत घेतलेला निर्णय असतो आणि तो निस्तरायला घरात कुणाकडे तास नसतात.

इथे हे इतकं जुनं दुखणं आहे की १९७८ साली क्लॅरिसा बाल्डविन नावाच्या बाईंनी एक ओळ लिहिली, कुत्रा जन्मभरासाठी असतो, फक्त नाताळापुरता नाही. ज्या संस्थेसाठी लिहिली ती १८९१ मध्ये सुरू झालेली, आता तिला डॉग्ज ट्रस्ट म्हणतात. ती ओळ गाड्यांच्या काचांवर चिकटली, इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे, तरी पिल्लं येतातच. म्हणून मग कायदा आला. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून दुकानदाराला किंवा दलालाला सहा महिन्यांखालचं पिल्लू विकताच येत नाही, घ्यायचं तर जिथे जन्मलं तिथे जाऊन, आईबरोबर बघून घ्यायचं नाहीतर शेल्टरमधून. याला लूसीज लॉ म्हणतात, लूसी नावाच्या एका स्पॅनियल कुत्रीवरून, वेल्समधल्या पिल्लांच्या कारखान्यातून सोडवलेली, लहानशा पिंजऱ्यात कोंडून ठेवून तिचा कणा वाकला होता. तरी लबाड लोक भाड्याच्या घरात भलतीच कुत्री आई म्हणून बसवतात. गिऱ्हाईक आहे तोवर हे चालायचंच.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर तू म्हणशील ताई एकच बाजू सांगते. अमेरिकेत एएसपीसीए या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये लोकांना विचारलं होतं, ज्यांना प्राणी भेट म्हणून मिळाले त्यांची माया कमी असते का. तर ९६ टक्के लोक म्हणाले की भेट म्हणून आला याने प्रेम कमी झालं नाही, काहींचं तर वाढलं. म्हणजे भेट देण्यात पाप नाही. माझं भांडण त्या तारखेशी आहे, त्या विकणाऱ्याशी आहे, आणि सगळ्यात जास्त याच्याशी की हे पिल्लू छकुलीच्या नावाने येणार पण पडणार वहिनीच्या गळ्यात.

तारखेचं बघ. तूच लिहिलंयस की २४ ला ते ३५ दिवसांचं होईल. म्हणजे १९-२० नोव्हेंबरचा जन्म, फोटोत डोळे जेमतेम उघडलेत. कुत्रीचे दिवस साधारण ६३, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यावर त्या माणसाने हिशोब करून तिला भरवली, नाताळच्या मार्केटसाठी. आपल्याकडे २०१७ चे ब्रीडिंगचे नियम आहेत, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला बंदी आहे आणि ब्रीडरची राज्याच्या ॲनिमल वेल्फेअर बोर्डाकडे नोंदणी लागते. नोंदणीचा कागद मागून बघ, काय उत्तर देतो ते. आठ आठवडे या पिल्लाचे भरतात संक्रांतीला. आईजवळचे हे मधले तीन आठवडे फुकटचे नसतात. भावंडांशी मारामारी करताना जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ थांबतो, त्यातून त्याला कळतं दात किती लावायचे. ते शिकायच्या आत उचललेलं पिल्लू मग छकुलीच्या हाताला चावतं आणि घरातले म्हणतात, हे जातीचंच डेंजरस आहे.

आणि पार्वो, म्हणजे पिल्लांचा तो जीवघेणा व्हायरस. सहा ते आठ आठवड्यांना पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत, तेव्हा कुठे पिल्लू सुरक्षित होतं. ३५ दिवसांच्या पिल्लाच्या लसी पूर्ण झालेल्या नसतात, विकणारा काहीही म्हणो. व्हायरस अंगात गेल्यावर तीन ते सात दिवसांनी दिसतो, म्हणजे विकताना उड्या मारणारं पिल्लू थर्टीफर्स्टपर्यंत आडवं, उलट्या, रक्ताचे जुलाब. त्या आठवड्यात पर्वरीत डॉक्टर शोधत फिरशील तू. आणि छकुलीच्या हातात पहिल्यांदा दिलेलं पिल्लू तिच्या डोळ्यांसमोर गेलं तर? मला विचारही करवत नाही. जगलं तरी ३१ ला रात्री सगळीकडे फटाके, नव्या घरात जेमतेम एक आठवडा झालेलं, टेबलाखाली थरथरत बसणार.

बीगलबद्दल पण सांगते. दिसायला गोड, स्वभावाने गोड, पण सशांमागे वास काढत टोळीने पळायला तयार केलेली ती जात आहे. एकटं ठेवलं की हेल काढून रडतं, चार मजल्यांवर ऐकू जातं. तुमच्या फ्लॅटमध्ये तू आठला निघतोस, छकुली शाळेत, वहिनी तू ट्यूशन घेतेस, मुलं येऊन बसलेली, आणि तेवढ्यात दर दोन तासांनी त्याला खाली न्यायचं, पुसायचं, रात्री उठायचं. सोसायटीचं पत्र येणार ते तुझ्याच नावाने. दादा, तू वहिनीला विचारलंस का? ग्रुपवर तिनेच फक्त काही पाठवलं नव्हतं, मी बघितलं.

आता जूनचं. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. गोव्यात किनाऱ्यावरच्या शॅकवर दरवर्षी सीझनला पिल्लं असतात, टुरिस्ट खायला घालतात, नावं ठेवतात, फोटो काढतात, मग मे अखेरीला शॅक मोडतात, माणसं जातात आणि कुत्री तिथेच, पाऊस सुरू, खायला काही नाही. कांदोळी, कळंगुट, मोरजी, कुठेही जाऊन बघा. पण निदान ती किनाऱ्यावर जन्मलेली तरी असतात, कुठल्या टोळीने कुठपर्यंत यायचं हे त्यांना ठाऊक असतं. घरातलं सोडलेलं कुत्रं त्यातही टिकत नाही. आठवतं, पर्वरीच्या हायवेला तो लॅब्राडोर दिसला होता, मानेवर पट्ट्याची खूण ताजी, प्रत्येक पांढऱ्या गाडीमागे धावायचा. आपण गाडी वळवून परत आलो तोवर तो दिसला नाही. आई त्या दिवशी जेवली नव्हती, विचार तिला. डिसेंबरात आणलेलं पिल्लू बरोबर पावसाच्या तोंडाशी अंगाने मोठं होतं, फिरवणं बंद होतं, घरात ओल्या अंगाचा वास, गोचीड, गोचिडीचा ताप, कातडीचे चट्टे, डॉक्टरची बिलं, आणि तेव्हाच लोकांना गावातलं कुणाचं तरी मोठं आवार आठवतं, तिकडे सोडू, मजेत राहील. नाही राहत मजेत.

कायदा आहे म्हणशील तर १९६० चा आहे, प्राणी वाऱ्यावर सोडणं गुन्हाच आहे, पण पहिल्यांदा पकडलं तर दंड १० ते ५० रुपये. पन्नास रुपये, दादा! एक शहाळं येत नाही त्यात. त्यामुळे कायद्याच्या भीतीने कुणी थांबेल ही आशा नको.

आणि गोव्याने किती कष्टाने काय कमावलंय ते पण बघ. मिशन रेबीज या संस्थेची ती पिवळ्या टी-शर्टातली पोरं कुत्र्यांना रेबीजची लस द्यायला जाळी घेऊन वाड्यावाड्यात फिरतात, शाळांत जाऊन मुलांना शिकवतात, त्यातून २०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज कंट्रोल्ड राज्य म्हणून जाहीर झालं. हे टिकायला वस्तीतल्या ७० टक्के कुत्र्यांना लस असावी लागते. लस न दिलेलं, नसबंदी न झालेलं प्रत्येक सोडलेलं कुत्रं त्या कामावर बोळा फिरवतं.

तू म्हणशील, मी नाही घेतलं तर त्या पिल्लाचं काय. हा प्रश्न मला पण छळतो, खरंच, त्याचा फोटो मी पुन्हा पुन्हा उघडून बघितलाय. दुसरं कुणीतरी घेईल, बहुतेक त्याच तारखेला, तशाच रिबनीसकट. पण आपण दया येऊन घेतलं की त्याच्या आईला पुढच्या खेपेला परत भरवणार, कारण पिल्लं खपली. त्या आईचा फोटो त्याने पाठवलाय का तुला? माग. जाऊन बघू देत नसेल तर समज काय ते.

मग काय करायचं. शिवोलीला डब्ल्यूएजी हे शेल्टर आहे, खाली कुडचड्याला गोवा ॲनिमल वेल्फेअर ट्रस्ट. जानेवारीत, सगळं शांत झाल्यावर, तिघं मिळून एका रविवारी जा. घेण्यासाठी नको, नुसतं बघायला. पुढच्या रविवारी परत जा. छकुलीला तिथलं काम बघू दे, शी उचलायला लागते हे पण बघू दे. त्यातून तिघांनाही हवंच वाटलं तर वर्षभराचं एखादं गावठी बघा, नसबंदी झालेलं, लसी झालेलं, स्वभाव कळलेला, आपल्या हवेत वाढलेलं. असं कुत्रं मार्चपर्यंत घरात आलं तर पावसाआधी रुळतं. मी मे महिन्यात येतेय, तेव्हा पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ फिरवायची जबाबदारी माझी.

आणि हो, नाताळला पट्टा नाहीतर वाटी गुंडाळून दे असं इथे काही लोक सुचवतात, म्हणजे पिल्लू नंतर येणार याची खूण. मला ते पण पटत नाही. पट्टा हातात पडला की छकुलीच्या मनात कुत्रा आलाच, मग वहिनीला नाही म्हणायची सोय उरत नाही. वहिनी, तुझ्या होकाराशिवाय यातलं काहीच व्हायला नको. तू नको म्हणालीस तर विषय तिथेच बंद, आणि तुला कुणी काही बोललं तर मला फोन कर.

छकुलीला सायकल हवी होती ना, तिने मागे मला व्हिडिओ कॉलवर रंग पण सांगितला होता, मोरपिशी. म्हापशात बघ, पैसे मी पाठवते. पिल्लासाठी ॲडव्हान्स दिला असशील तर त्यावर पाणी सोड, ते पण मी देते, पण त्या माणसाला आजच फोन करून नाही सांग, चोवीस तारीख जवळ आली की तो आधी टोपलीच दाराशी आणून ठेवेल.

बाबांचा गुडघा कसा आहे ते कळव. आईला म्हणावं कुळीथ पीठ पोचलं, रोज पिठी करते. थंडी फार आहे, चारलाच अंधार पडतो.

आई-बाबांना नमस्कार, छकुलीला खूप पापे.

तुझी,
ताई