जुनी माणसं पडद्यावर ताणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१७ सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, जवळ आला की मराठवाड्यात शाळा, ग्रामपंचायती, वाचनालयं यांच्या कार्यक्रमांची तयारी सुरू होते. झेंडावंदन होतं, भाषणं होतात आणि आता जागोजागी मोठे टीव्ही आल्यामुळे स्वातंत्र्यसैनिकांच्या जुन्या चित्रफितीही दाखवल्या जातात. ही फार चांगली गोष्ट आहे. पण त्यातल्या कितीतरी चित्रफिती चुकीच्या आकारात दाखवल्या जातात. माणसं आडवी पसरलेली, बुटकी दिसतात आणि "जुनं शूटिंग आहे, असंच असणार" असं म्हणून सगळे बघत बसतात. शूटिंग तसं नसतं. चूक दाखवण्यात असते आणि बहुतेक वेळा ती रिमोट हातात घेतला की सुधारते. एवढ्यासाठी हे पत्र लिहितोय.

मी कंधारला फोटो स्टुडिओ चालवतो आणि व्हीएचएस कॅसेटच्या काळापासून शूटिंग करतो. १९९८ साली मुक्तिसंग्रामाला ५० वर्षं झाली तेव्हा तालुक्यातल्या काही वृद्ध स्वातंत्र्यसैनिकांना त्यांच्याच ओसरीवर बसवून मी बोलतं केलं होतं. कोणी सरहद्दीवरच्या कॅम्पात राहिलेलं. कोणी रझाकारांच्या भीतीने लेकराबाळांसह रातोरात गाव सोडलेलं. एक जण तर लढ्याच्या पैशासाठी केलेल्या उमरी बँकेच्या लुटीची हकीकत अशी रंगवून सांगायचे की कॅमेरा बंद करावासा वाटायचा नाही. त्यातलं आज कोणीही हयात नाही. ती माणसं चालत्याबोलत्या रूपात फक्त या कॅसेटींवर आहेत. कॅसेटवरून सीडी, सीडीवरून डीव्हीडी, डीव्हीडीवरून पेन ड्राइव्ह असं करत ते शूटिंग घराघरांत आणि शाळांत पोचलं.

मागच्या एका कार्यक्रमात एका शाळेने यातली एक मुलाखत लावली. डीव्हीडी प्लेअरला पेन ड्राइव्ह लावलेला आणि प्लेअर मोठ्या टीव्हीला जोडलेला. चित्र सुरू झालं आणि मला बघवेना. मूळचे सडपातळ, उभट चेहऱ्याचे गृहस्थ पार रुंद झालेले. त्यांचा गोल भिंगांचा चष्मा आडव्या ठेवलेल्या अंड्यांसारखा दिसत होता. त्यांची नात माझ्याशेजारी उभी होती. ती म्हणाली, "काका, आमचे आबा असे नव्हते की हो." सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "कॅसेट खराब झाली असंल." मी रिमोट मागून घेतला, टीव्हीवरचं स्क्रीन साइझचं बटण दाबून ४:३ निवडलं आणि आबा होते तसे दिसायला लागले. लगेच मागून कोणीतरी ओरडलं, "बाजूला काळं दिसायलंय, स्क्रीन भरून लावा की!"

हा स्क्रीन भरण्याचा हट्टच सगळ्या गोंधळाचं मूळ आहे. जुना टीव्ही आणि जुना कॅमेरा या दोघांचंही चित्र ४:३ असायचं, म्हणजे रुंदी ४ तर उंची ३. आजचा टीव्ही १६:९ असतो. जुनं चित्र त्यात बरोबर बसवलं तर डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या राहणारच. त्या दोष नाहीत, तिथे चित्र कधी नव्हतंच. त्या घालवायला चित्र ताणलं तर प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने रुंद होतो. झूम केलं तर माणूस ताणला जात नाही, पण चित्राची पाव उंची वरून-खालून कापली जाते. वरून फेटा जातो आणि खालून आम्ही टाकलेली नावाची पट्टी. कोण बोलतंय हेच पोरांना कळत नाही.

आता पुष्कळ लोक विचारतात की तेच शूटिंग डीव्हीडीवर बरोबर दिसतं, मग पेन ड्राइव्हवरून किंवा डिस्कवर नुसती फाइल टाकून लावलं की का बिघडतं? याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडच्या पाल (आपल्या टीव्हीची जुनी पद्धत) डीव्हीडीत चित्र ७२० ठिपके रुंद आणि ५७६ ओळी उंच असं साठवलेलं असतं. ४:३ असो की १६:९, दोन्हीला हाच आकार. चित्रासोबत एक खूण ठेवलेली असते की हे ४:३ समजावं की १६:९. प्लेअर ती खूण वाचून चित्र दाखवतो. त्या ५७६ ओळींना चौकोनी ठिपके धरले तर ४:३ साठी रुंदी ७६८ लागते आणि १६:९ साठी १०२४. म्हणजे ७२० हा आकडा दोन्हींपैकी एकाचाही खरा आकार नाही, सगळा भरवसा त्या खुणेवर. तेच शूटिंग एव्हीआय फाइल करून दिलं की बऱ्याचदा खूण फाइलमध्ये नसतेच. असली तरी स्वस्तातले बरेच डिस्क प्लेअर ती बघत नाहीत. मग प्लेअर आपल्या मनाने स्क्रीनभर चित्र पसरवून मोकळा होतो. खूण असेल तर संगणकावर तीच फाइल ठीक दिसते, कारण संगणकावरचे प्लेअर खूण वाचतात. गिऱ्हाईक म्हणतं फाइल बरोबर आहे, दुकानदार म्हणतो टीव्ही खराब आहे आणि भांडण चालू राहतं.

नक्की काय बिघडलंय ते ओळखायची माझी एक रीत आहे. चित्रात कुठेतरी गोल वस्तू शोधायची. जेवणाची ताटं, भिंतीवरचं घड्याळ, बैलगाडीचं चाक, काहीही. मात्र ती समोरून दिसली पाहिजे, तिरपी नको. तिथे चित्र थांबवायचं आणि शाळेतली साधी मोजपट्टी टीव्हीला लावून तिची रुंदी आणि उंची मोजायची. त्या मुलाखतीत मागे भिंतीवर घड्याळ होतं. ते १६ सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर उंच भरलं. १६ भागिले १२ म्हणजे सव्वाहून थोडं जास्त, १.३३. हा आकडा आला की समजायचं, ४:३ चित्र १६:९ वर ताणलंय. उलट घड्याळ उभट असेल आणि रुंदी उंचीच्या पाऊण भरत असेल तर रुंद चित्र ४:३ मध्ये दाबलंय. नंतरच्या काळातल्या मिनी डीव्ही कॅमेऱ्यांवरच्या लग्नांत हे फार दिसतं, कारण त्या कॅमेऱ्यांत दोन्ही आकारांची सोय होती आणि कोणतं लग्न कशात घेतलं हे कोणी लिहून ठेवलं नाही. घड्याळ अगदी किंचित उभट असेल, रुंदी सहा टक्क्यांनी कमी, तर कोणीतरी ७२० गुणिले ५७६ ला जसंच्या तसं चौकोनी ठिपक्यांचं मानलंय. हे डोळ्याला पटकन कळत नाही, पट्टीला कळतं.

मोजून झालं की आधी प्लेअरच्या सेटअपमध्ये जावं. तिथे टीव्ही डिस्प्ले किंवा टीव्ही टाइप अशा नावाखाली ४:३ पॅन स्कॅन, ४:३ लेटरबॉक्स आणि १६:९ असे पर्याय असतात. टीव्ही रुंद असेल तर १६:९ च ठेवावं. घरी अजून जुना डब्याचा टीव्ही असेल तर लेटरबॉक्स. त्याने वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, पण चित्र पूर्ण दिसतं. पॅन स्कॅन शक्यतो ठेवूच नये, ते बाजू कापतं. काही प्लेअरमध्ये वाइड स्क्वीझ नावाचाही पर्याय असतो, तो ४:३ चित्र मधोमध ठेवून बाजूंना काळं सोडतो. तो असेल तर काम तिथेच झालं.

तो नसेल तर टीव्हीचा रिमोट. लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरने जोडलेला प्लेअर असेल तर टीव्हीवर ४:३ निवडता येतं. एचडीएमआय वायर असेल तर कधी कधी अडचण येते. प्लेअर १०८० ओळींचं चित्र पाठवत असेल तर टीव्ही त्याला रुंदच समजतो आणि काही टीव्ही ४:३ चा पर्यायच देत नाहीत. अशा वेळी प्लेअरच्या सेटअपमध्ये १०८० ऐवजी ५७६ करून बघावं. बऱ्याच टीव्हींवर ४:३ लगेच हाती येतं. जुन्या कॅसेटच्या शूटिंगला १०८० चा तसाही काही उपयोग नाही, मुळात तेवढं बारीक चित्र त्यात नाही.

पण दरवेळी कार्यक्रमाला रिमोटवाला माणूस कुठून आणणार? म्हणून फाइलच नीट करून ठेवावी. इथे मला माझ्या व्यवसायातल्या लोकांशी बोलायचंय. आपण कॅसेटवरून फाइल करून देतो तेव्हा गिऱ्हाइकाला एक विचारलं पाहिजे, तुम्ही हे कशावर लावणार? डिस्क प्लेअरवर लावणार असतील तर डेटा डिस्क करून फाइल देऊ नका, रीतसर व्हिडिओ डीव्हीडी करा आणि ४:३ ची खूण टाका. ४.७ जीबीच्या डिस्कवर दोनेक तासांचं शूटिंग चांगल्या दर्जात बसतं आणि बहुतेक प्लेअर ती खूण पाळतात. फाइलच हवी असेल आणि प्लेअर खूण न वाचणारा, सगळं स्क्रीनभर पसरवणारा असेल, तर काळ्या पट्ट्या चित्रातच घालून द्या. ७२० रुंदीत मूळ चित्र ५४० वर आणून दोन्हीकडे ९०-९० ठिपके काळे ठेवले की तो प्लेअर ते पसरवून बरोबर आकारात आणतो. नव्या टीव्हीला थेट पेन ड्राइव्ह लावणार असतील तर १९२० गुणिले १०८० च्या चौकटीत १४४० रुंद चित्र आणि दोन्हीकडे २४०. फाइल एमकेव्ही असेल आणि नुसती खूण चुकली असेल तर एमकेव्हीटूलनिक्स या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसण्याची रुंदी-उंची ७६८ आणि ५७६ लिहिली की झालं. पुन्हा एन्कोडिंग नाही, दर्जा कमी होत नाही, काही क्षणांचं काम. फक्त प्लेअर ती खूण वाचतो का ते आधी तपासा.

गिऱ्हाईक म्हणेल, पट्ट्या नकोत. त्याला समजावून सांगा. आपल्या वडिलांचा फोटो मोठा करून देताना आपण फ्रेम भरावी म्हणून चेहरा ताणतो का? नाही ना. मग शूटिंगमध्ये का ताणायचा? लग्नाच्या कॅसेटमध्ये आई-वडील, आजी-आजोबा असतात. कित्येक घरांत आजीचं चालतंबोलतं रूप तेवढ्या दोन मिनिटांपुरतंच आहे, अंतरपाटाच्या कडेला उभी असलेली. पुढच्या पिढीने ती बघितलेली नाही, त्यांना पडद्यावर दिसेल तीच आजी खरी. म्हणून आपण दिलेलं चित्र बरोबर असलंच पाहिजे. याचे वेगळे पैसे लावण्याचंही कारण नाही.

शाळा आणि ग्रामपंचायतींना माझी विनंती एवढीच आहे की कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी चित्रफीत लावून बघा. गोल वस्तू गोल दिसते का पाहा. प्रोजेक्टर असेल तर त्याच्याही मेनूत आस्पेक्ट रेशो नावाची जागा असते, तिथे ऑटो किंवा ४:३ ठेवा. आणि डीव्हीडीच्या पाकिटावर, पेन ड्राइव्हच्या चिठ्ठीवर मार्करने "४:३" असं मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी सर बदलले तरी अडणार नाही.

आणखी एक. ज्यांच्या घरी मूळ कॅसेटी आहेत त्यांनी "आता पेन ड्राइव्हमध्ये आलंय" म्हणून त्या भंगारात देऊ नयेत. माझ्या बघण्यात आलेल्या अनेक फाइलींत चित्र कायमचं ताणून बसवलंय, शिवाय झूम करून कापलंय. ताणलेलं परत दाबता येतं, पण कापलेला फेटा आणि नावाची पट्टी फाइलमधून परत मिळत नाही, ती कॅसेटवरच आहे. व्हीसीआर, म्हणजे कॅसेट लावायचं यंत्र, बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनेही २०१६ साली उत्पादन थांबवलं. चालू स्थितीतले व्हीसीआर आता जिल्ह्यात शोधावे लागतात आणि कॅसेटीवर बुरशी चढायला एक पावसाळा पुरतो. जिल्हा ग्रंथालयाने किंवा आपल्या विद्यापीठाने मुक्तिसंग्रामाच्या अशा खाजगी कॅसेटी एकत्र मागवून, मूळ ४:३ आकारात, न कापता उतरवून घ्याव्यात, अशी मागणी मी आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून करतो. माझ्याकडे असलेल्या सगळ्या कॅसेटी आणि चालू व्हीसीआर मी या कामासाठी विनामूल्य द्यायला तयार आहे.

आपला,
एक फोटो स्टुडिओचालक, कंधार (जि. नांदेड)