पेन्शन काढण्याआधी कामगारासमोर त्याचा हिशेब ठेवा

मा. केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्याच्या लेखा विभागात मी बावीस वर्षे होतो आणि नोकरी सुटलेल्या कामगारांचे पीएफचे अर्ज मीच भरून देत असे. त्या अनुभवावरून एक मागणी करीत आहे.

कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ नुसार मालकाच्या वाट्यातील ८.३३ टक्के रक्कम, १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेत महिन्याला १,२५० रुपये, पेन्शनकडे जाते. ही रक्कम पासबुकात वेगळ्या रकान्यात असते, आणि बहुतेक कामगार तिला अडकून पडलेला पैसा समजतात. दहा वर्षांची सेवा भरली की अठ्ठावन्नाव्या वर्षापासून आयुष्यभर पेन्शन मिळते आणि त्याच्या पश्चात पत्नीला त्या पेन्शनच्या निम्मी रक्कम मिळते, हे अर्ज भरताना कामगाराला कोणीही सांगत नाही.

आमच्याकडील एका फिटरची नोकरी २०२४ मध्ये, नऊ वर्षे चार महिने झाल्यावर सुटली. सहा महिने वा अधिक काळ पूर्ण वर्ष धरला जात असल्यामुळे तो दहा वर्षांपासून अवघे दोन महिने दूर होता. त्याने दहा-सी अर्ज भरून पेन्शनची रक्कम उचलली. सेवेच्या प्रत्येक वर्षामागे साधारण एका महिन्याच्या पगाराइतके, म्हणजे लाखाहून अधिक पैसे हाती आले आणि घरभाडे व उधारी फेडण्यात संपले. पुढे बुटीबोरीत काम लागले, पण वय पन्नास असल्याने अठ्ठावन्नपर्यंत उरलेल्या आठ वर्षांत दहा वर्षे पुरी होणार नाहीत. त्याच अर्जावर रकमेऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे जुन्या सेवेची नोंद कायम ठेवणारा दाखला, मागितले असते, तर जुनी सेवा नव्या सेवेला जोडली जाऊन सतरा वर्षे झाली असती आणि पगार १५,००० गुणिले सेवेची वर्षे १७ भागिले ७० या योजनेच्या हिशेबाने महिना सुमारे ३,६४३ रुपये मिळाले असते. तो अर्ज मीच भरला होता आणि तेव्हा मलाही हे नीट ठाऊक नव्हते, याची खंत आजही आहे.

घरात आजारपण असलेल्या माणसाला पैसे काढू नका असे मी सांगणार नाही. पण आजारपण, लग्न किंवा घरासाठी पीएफच्या रकमेतून उचल मिळते आणि त्यासाठी पेन्शनला हात लावावा लागत नाही, हेही त्याला कळायला हवे.

म्हणून विनंती अशी की, दहा-सी अर्ज ऑनलाइन भरताना रक्कम मंजूर होण्यापूर्वी कामगाराची नोंदलेली एकूण सेवा, दहा वर्षांना उरलेले महिने, आज मिळणारी रक्कम आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळू शकणारी पेन्शन मराठीत शेजारी शेजारी दाखवावी, आणि स्कीम सर्टिफिकेटचा पर्याय त्याच पानावर सर्वांत वर असावा. या हिशेबाला लागणारी माहिती कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे (ईपीएफओ) कामगाराच्या यूएएनसोबत, म्हणजे त्याच्या कायम पीएफ क्रमांकासोबत, आधीच नोंदलेली आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त लेखा कर्मचारी, नागपूर