वाकळ परत पाठवतेय

तीर्थरूप आई-आप्पांना,
साष्टांग नमस्कार.

आई, वाकळ उद्या सकाळच्या जांबोटी गाडीनं परत येतेय. रागावू नको. तू ती दवाखान्यात संजूच्या अंगावर घातलीस आणि तुझी पाठ वळल्यावर मीच काढली. सिस्टरनं नाही, मी. बिचारीला तू उगाच बोललीस.

त्याच्या कपाळाला हात लावलास, गार लागलं, तुझ्या पोटात कालवलं. कळतं मला. पण ते वरचं गार. त्याच्या अंगाखालच्या गादीतून थंड पाणी फिरतंय. आतलं तापमान लघवीच्या नळीतल्या तारेतून मशीनवर दिसतं, आणि तेव्हा ते 37.8 अंश सेल्सिअस होतं. सोमवारी 39 च्या वर गेलेलं, तुम्हाला सांगितलं नाही. डोक्याला एवढा मार बसला की मेंदूतली ताप सांभाळणारी जागाच कधी कधी बिथरते. तरी जंतूंच्या तपासण्याही चालू आहेत. एक अंश चढला की मेंदूची भूक सहा ते दहा टक्क्यांनी वाढते, तो रक्त जास्त ओढतो. कवटीत आधीच सूज, जागा कुठली? दाब वाढतो. म्हणून 37.5 च्या वर जाऊ द्यायचं नाही.

आप्पा, मास्तरकाका म्हणाले ना, बर्फात ठेवलं की मेंदू वाचतो? आम्हीही पूर्वी तसंच मानायचो. पण 2015 मध्ये युरोपातली मोठी चाचणी आली, 32 ते 35 अंशांपर्यंत गार केलेल्यांची. दाब उतरला, पण पुढची अवस्था उलट वाईट झाली. 2018 मध्ये दुसरी आली, सुरुवातीपासून गार केलेल्यांची. फायदा नाहीच. म्हणून गोठवायचं नाही आणि तापूही द्यायचं नाही. डॉक्टरांनी विचारलं, मी हो म्हटलं. तुम्हाला विचारायला हवं होतं, पण रात्रीचे दोन वाजले होते. बारा वर्षं दुसऱ्यांच्या माणसांना हेच समजावतेय, तरी सही करताना हात कापला.

खरी भीती कुडकुडीची. गार केलं की अंग हट्टानं थरथरून ऊब करतं आणि सगळी मेहनत पाण्यात. सिस्टर तासातासाला त्याच्या मानेवर, छातीवर हात ठेवून बघते. पॅरासिटामॉल, मॅग्नेशियम, झोपेचं औषध चालू आहे, म्हणून डोळे उघडत नाही. मनाला लावून घेऊ नको. आणि गंमत सांगू? तळहात-तळपाय उबदार ठेवले की अंगाला फसवता येतं, थरथर कमी होते. म्हणून आत्तीनं विणलेले निळे मोजे त्याच्या पायात आहेत. वाकळ गेली, मोजे राहिले.

लोंढ्याच्या खोलीत मला गोवर आला, तेव्हा मिठाच्या पाण्याच्या घड्या रात्रभर कोण बदलत होतं? डोळा लागला की पदर धरून मी तुला उठवायचे. तेच चाललंय इथं, फक्त मशीन आहे. तुझ्याइतकं मायेचं नाही, पण झोपत नाही.

माझी काळजी नको. समोरच्या खानावळीत जोंधळ्याची भाकरी मिळते, बाकड्यावर पंखा आहे. दोन महिन्यांची बिनपगारी रजा टाकलीय, त्यावर बोलायचं नाही.

आता ऐका. आई, आधार दाखवून बस फुकट आहे म्हणून रोज उठून यायचं नाही. आत पाच मिनिटं सोडतात, त्यासाठी पावसात चार तास. रविवारी या, दोघं मिळून. आप्पा, बीपीची गोळी सकाळीच, लावणीला चिखलात उतरायचं नाही, गडी लावा. कधी उठेल ते विचारू नका, डॉक्टरही दिवस सांगत नाहीत. काही बदललं तर मध्यरात्रीही फोन करीन, आता काही लपवणार नाही.

मोज्यांचा दुसरा जोड आत्तीच्या ट्रंकेत, खालच्या कप्प्यात असेल. धुऊन, नीट वाळवून पाठव. यातल्या डाव्याची टाच उसवलीय.

तुमची,
माई